चाळिशी आणि पडद्यावरचं अक्षर

आजच्या भाषणात आपण अक्षराच्या आकाराचा इतिहास बघणार आहोत. विषय लहान वाटेल, पण गटागटांत काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेली बाई म्हणते, "आता हिशोबाचं काम पोरींकडे द्या." हिशोब तिच्या डोक्यात पक्का असतो. वही होती तोवर ती जरा लांब धरून लिहीत होती. आता माहिती संगणकावर भरायची, आणि पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. तेवढ्यावरून वर्षानुवर्षांची जाणती बाई मागे सरते आणि दुसरीने वाचून दाखवलं त्यावर सही करते.

आपल्या भाषेत या वयालाही चाळिशी म्हणतात आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात. वय वाढलं की डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचं पुसट दिसू लागतं. हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. मग अक्षराने डोळ्याशी जुळवून घ्यायचं, की डोळ्याने अक्षराशी?

पूर्वी मराठी दफ्तर मोडीत लिहिलं जाई. हात फारसा न उचलता भरभर लिहायचं. त्यात लिहिणाऱ्याची सोय होती, वाचणाऱ्याला मात्र चांगला सराव लागे. देवनागरीला बाळबोध म्हणत, म्हणजे बाळालाही बोध होईल अशी. छपाई आली तशी ही बाळबोध पुढे आली. 1805 साली बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण देवनागरी अक्षरांत छापलं गेलं. 1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर पंचांग छापलं. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे त्यांच्या सुबकपणामुळे नावाजले गेले.

देवनागरीत जोडाक्षरं आणि काना-मात्रा फार, त्यामुळे शेकडो खिळे लागत. आपल्या रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा बराच खटाटोप केला. अक्षर सुटसुटीत व्हावं म्हणून अशी कितीतरी माणसं झटली आहेत.

तरी एक गोष्ट बदलली नाही. अक्षराचा आकार छापखानाच ठरवी. पोथ्या टपोऱ्या अक्षरांत निघत, कारण त्या दिव्याच्या उजेडात मोठ्याने वाचायच्या असत. बाकी छपाईत कागद वाचवायचा, म्हणून अक्षर बारीक. वाचणारीच्या हाती चष्मा किंवा भिंग, एवढंच.

संगणक आला तेव्हा सुरुवातीला मराठीचे हालच होते. प्रत्येक फॉन्टची तऱ्हा वेगळी. एका संगणकावरची मराठी दुसऱ्यावर उघडली की नुसती चिन्हं दिसत. युनिकोड नावाच्या पद्धतीने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. विंडोज 2000 बरोबर मंगल हा फॉन्ट आला. तो आपल्या मराठी सुलेखनकाराने, कवी र. कृ. जोशी यांनी घडवला होता. आता अक्षर कुठेही तेच राहतं. म्हणून ते मोठं करता येतं आणि संगणकाकडून वाचूनही घेता येतं.

पडद्याची सोय तर त्याहून जुनी आहे. विंडोज 95 मध्ये ठळक रंगसंगती होती, विंडोज 98 मध्ये पडद्यावरचं भिंग आलं. म्हणजे छापखान्याचा तो अधिकार वाचणारीच्या बोटाशी आला, आणि तोही पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी. आपल्याला ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आता करून बघू या. इंटरनेटवरचं पान उघडलं असेल तर कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबा. अक्षर मोठं होतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पहिल्यासारखं. सगळा पडदाच मोठा हवा असेल तर विंडोजचं बटण आणि अधिक. भिंग उघडतं. विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद. कायमचं मोठं अक्षर हवं असेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा. जुन्या संगणकात त्याला ईज ऑफ ॲक्सेस म्हणतात. तिथेच काळ्यावर पांढरं किंवा पिवळं अक्षर निवडता येतं आणि माऊसचा बाणही मोठा करता येतो. मोबाइलमध्ये सेटिंग, डिस्प्ले, फॉन्ट साइज. बिघडेल म्हणून घाबरू नका. हे सगळं परत पहिल्यासारखं करता येतं.

संगणक पडवीत असेल तर अंगणातला उजेड पडद्यावर पडणार नाही असा फिरवून ठेवा. मराठीसाठी अक्षर इंग्रजीपेक्षा थोडं मोठंच घ्या. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार. बारीक केलं की तेच आधी पुसट होतं.

एवढं करूनही दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू सेटिंगने जात नाही. सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. मधुमेह असेल त्या बहिणींनी तर दरवर्षी डोळे दाखवावेत.

ज्यांची नजर चष्म्यानेही सुधारत नाही, त्यांच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 आहे. अल्पदृष्टी त्यात स्पष्ट नोंदलेली आहे आणि माहिती वाचता येईल अशा रूपात मिळावी ही सरकारची जबाबदारी सांगितली आहे. सेवा केंद्रात सातबारा किंवा अर्ज पडद्यावर दाखवतील तेव्हा आपणही सांगावं, "दादा, अक्षर मोठं करा, मला स्वतः वाचायचंय." बटण दाबायला त्यांना क्षणभर लागतो, आणि आपली सही कशावर होतेय ते आपल्याला कळतं.

येत्या मासिक बैठकीत हिशोब मांडण्याआधी पडदा सगळ्यात वयस्कर मावशींसमोर ठेवा. त्यांना आकडे वाचता येईपर्यंत अक्षर मोठं करत जा. मग हिशोबाला सुरुवात करा.