सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस: रिपोर्टमधला ‘एम बँड’ म्हणजे काय?

पाठ सतत दुखणे, न जाणारा थकवा, कमी हिमोग्लोबिन, वाढलेले क्रिएटिनिन. साठीच्या आसपास अशी लक्षणे एकत्र दिसली, की डॉक्टर ही रक्ततपासणी सांगतात. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, शोधण्यासाठी ती उपयोगी पडते.

तपासणी कशी होते?
ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतील कलेक्शन सेंटरवर हातातून थोडे रक्त घेतात. प्रयोगशाळेत त्यातील सीरम जेलच्या पातळ थरावर ठेवून वीजप्रवाह सोडतात. प्रथिने कमी-जास्त वेगाने सरकतात आणि रंग दिल्यावर पाच पट्टे दिसतात: अल्ब्युमिन, अल्फा-1, अल्फा-2, बीटा आणि गॅमा.

गॅमा पट्टा एरवी पसरट असतो, कारण त्यात अनेक प्रकारची प्रतिपिंडे असतात. एकाच प्रकारचे प्रतिपिंड भरमसाट तयार झाले, तर तिथे अरुंद, गडद पट्टा उमटतो. हाच एम बँड. त्याचा प्रकार इम्युनोफिक्सेशनने कळतो. संशोधनात जेलमधील प्रथिने अवरक्त प्रकाशातही पाहतात. प्रथिनांना चिकटलेला निळा कूमासी रंग 700 नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, त्यामुळे फिकट पट्टेही टिपता येतात. रुग्णाच्या नेहमीच्या रिपोर्टसाठी याची गरज नसते.

एम बँड म्हणजे कर्करोगच का?
नाही. अनेकांमध्ये ‘एमजीयूएस’ ही लक्षणे नसलेली अवस्था असते. त्यातील वर्षाला सुमारे 1 टक्का लोकांमध्येच ती मायलोमा किंवा तत्सम आजारात बदलते. उपचार लागत नाहीत, पण नियमित तपासणी चुकवू नये.

रिपोर्ट नॉर्मल आला तर?
तेवढ्यावर मायलोमा नाही असे म्हणता येत नाही. काही रुग्णांत फक्त लाइट चेन तयार होतात. त्यासाठी फ्री लाइट चेन तपासणी करावी लागते.

हे लक्षात ठेवा
• दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासा. आकड्यांची तुलना सोपी जाते.
• जुने सर्व रिपोर्ट जपून ठेवा. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये जाताना ते सोबत न्या.
• पाठदुखीसोबत पायांत अचानक अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, लघवी अडली, तर रिपोर्टची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठा.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.