पित्तक्षार आणि हृदयाची गति

काविळीच्या रोग्याचे डोळे पिवळे झालेले कोणासहि दिसतात. परंतु या दुखण्यांत कित्येकांची नाडी मंद चालते, हें मनगटावर बोट ठेवल्यावांचून कळत नाहीं. विकार यकृताचा, मग हृदय कां मंदावावें? १८६३ सालीं लाइप्झिग येथें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत रोरिग यानें या प्रश्नाचें उत्तर दिलें. दोष पित्ताच्या पिवळ्या रंगाचा नसून त्यांतील क्षारांचा आहे. हे क्षार प्राण्यांच्या रक्तांत सोडले असतां हृदयाचे ठोके मंद होतात, असें त्याला आढळलें.

हे क्षार यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवितें. साबणाप्रमाणें त्यांची एक बाजू पाण्याशीं व दुसरी तेलाशीं सख्य ठेवते. म्हणूनच आहारांतील तूप-लोणी पचतें. आंतड्यांतील काम संपलें म्हणजे शेंकडा सुमारें ९५ क्षार यकृताकडे परत येतात. यकृतांतून पित्त बाहेर पडण्याची वाट अडली, कीं ते रक्तांत सांचूं लागतात. त्यांच्या रचनेच्या शोधाबद्दल हाइनरिख वीलांड यास १९२७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९३२ सालीं ती रचना चुकीची ठरली, तेव्हां ती सुधारण्यांतहि वीलांडचाच हात होता.

तरीहि मूळ कोडें उरलेंच. तें उकलण्यास आधीं पेशीच्या आवरणांतील दारें सांपडणें अवश्य होतें. १९५२ सालीं हॉजकिन व हक्स्ले यांनीं माकुल या समुद्रजीवाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून, सोडियम व पोटॅशियम यांचे विद्युत्भारित कण आवरणांतून कसे ये-जा करतात, हें दाखविलें. १९७६ सालीं नेहर व साकमन यांनीं कांचेच्या अतिसूक्ष्म नळीचें टोंक आवरणास टेकवून एकेका दारांतून जाणारा प्रवाह मोजला. या कार्याबद्दल १९९१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

पित्तक्षार साबणासारखे, तेव्हां ते आवरण विरघळवून अपाय करीत असावेत, असा तर्क साहजिक होता. मात्रा मोठी असल्यास तसें घडतेंहि. परंतु अल्प मात्रेंतहि कांहीं क्षार विशिष्ट दारांवरच काम करतात. लिथोकोलिक आम्ल धमनीच्या स्नायुपेशींतील पोटॅशियमचें एक दार अधिक उघडें ठेवतें, आणि त्यामुळें धमनी सैल होते, असें या शतकांत सिद्ध झालें.

या संशोधनाचें महत्त्व मातेच्या उदरांतील बालकास सर्वांत अधिक आहे. कांहीं स्त्रियांच्या रक्तांत गर्भारपणीं पित्तक्षार सांचतात. उंदराच्या अर्भकाच्या हृदयपेशींवर असा क्षार घातला असतां त्यांचे ठोके मंदावतात व त्यांचा मेळ बिघडतो, हें २००१ सालीं दिसून आलें. मानवी गर्भासहि असाच धोका पोहोंचत असावा, असा संशय आहे. अद्याप तो निर्विवाद सिद्ध झालेला नाहीं. २०१९ सालच्या मोठ्या पाहणींत मात्र, मातेच्या रक्तांतील क्षारांचें प्रमाण लिटरमागें १०० मायक्रोमोल किंवा अधिक असल्यास मृत बालक जन्मण्याचें प्रमाण शेंकडा तीनांहून अधिक आढळलें. ४० च्या खालीं तें हजारीं एकाच्या आसपास होतें.

म्हणूनच गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजूं लागले, तर तें किरकोळ समजूं नये. डॉक्टरकडून रक्तांतील पित्तक्षार वेळींच तपासून घ्यावेत.