हॉटेल कोणाचं आहे?

आम्ही जालन्याच्या मस्तगड भागातल्या बचत गटाच्या बाया. आज एका प्रवासाची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या निमित्ताने थोडा इतिहास.

मागे आम्ही चौदा जणी गाडी करून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो. दुपारी सगळ्यांना भूक लागली. रस्त्याच्या कडेला एक साधी खानावळ दिसली. चूल पेटलेली, बाई भाकरी थापत होती. गाडी थांबली. उतरता उतरता आमच्यातली एक जण हळूच म्हणाली, "हॉटेल कोणाचं आहे, ते तर बघा आधी." कोणी तिला टोकलं नाही. कोणी कारणही विचारलं नाही. आम्ही मुकाट्याने गाडीत बसलो आणि पुढच्या मोठ्या धाब्यावर जाऊन जेवलो.

मागच्या सीटवर आमचीच एक मैत्रीण बसली होती. तीही काही बोलली नाही. तिच्याबद्दल शेवटी सांगू.

गंमत अशी, की ज्या कोल्हापूरला आम्ही चाललो होतो, तिथे आमच्या या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे. पण त्याआधी प्रवासातल्या भुकेची आणि तहानेची एक जुनी हकीकत ऐका.

साल १९०१. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, सोबत खायचं बांधून दिलेलं. पोरं महार आहेत हे कळल्यावर स्टेशन मास्तर मागे सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही पोरांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं, या अटीवर. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. डब्यात अन्न होतं, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही. पाण्यावाचून घास उतरेना. पोरं तशीच उपाशी झोपली. ही हकीकत पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली.

दुसरी हकीकत तर आपल्या शेजारची आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला आले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. तेव्हा आपला सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. प्रवासाची धूळ धुवायला मंडळींनी किल्ल्याजवळच्या हौदातलं पाणी घेऊन हातपाय धुतले. तेवढ्यावरून आरडाओरडा झाला, की यांनी हौद बाटवला. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस, पण शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. आज आपण मुलांना घेऊन सुट्टीत त्याच किल्ल्यावर जातो, बाटलीतलं पाणी पितो, फोटो काढतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत काळ्या लोकांना प्रवासात गोऱ्यांची हॉटेलं जेवू घालत नसत, खोली देत नसत. म्हणून न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ साली एक पुस्तिका काढली. कोणत्या गावात आपल्याला जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, यांचे पत्ते त्यात असत. तीसेक वर्षं ती निघत राहिली. लोक घरून निघताना डब्याबरोबर ती पुस्तिकाही बांधून घेत.

मैत्रिणींनो, इथवरच्या सगळ्या गोष्टींत प्रश्न एकच आहे: दुसरा आपल्याला वाढेल का? या प्रश्नाला पुढे कायद्याने उत्तर दिलं. आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. पंधराव्या कलमात तर दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव असं नाव घेऊन लिहिलं आहे, की जातीवरून कोणाला अडवायचं नाही. १९५५ साली तसं वागणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाही झाला.

पण याच्या उलट बाजूचा दुसरा प्रश्न राहतोच. ज्याला आजवर बाहेर उभं केलं, त्याने स्वतः हॉटेल काढलं, तर त्याच्या हातचं आपण खाऊ का? त्यासाठी कायदा नाही आणि होणारही नाही. कोणाला दारात अडवलं तर पोलिसांत जाता येतं. गिऱ्हाईक आलंच नाही, तर तक्रार कोणाची करायची?

आता कोल्हापूरची गोष्ट. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. जातीने महार. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना पागेतल्याच माणसांनी जबर मारलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर त्यांना हे कळलं. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदतही केली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'.

हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, जागा भर रस्त्यावरची. तरी गिऱ्हाईक फिरकेना. हॉटेल कोणाचं आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

महाराजांनी मनात आणलं असतं तर हुकूम काढता आला असता. राज्य त्यांचंच होतं. १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम त्यांनीच काढला होता. पण चहा हुकमाने पाजता येत नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते स्वतः गेले. त्यांची खडखडा गाडी भर रस्त्यात गंगारामांच्या हॉटेलापुढे थांबायची. महाराज चहा मागवायचे, सगळ्यांसमोर प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. छत्रपतीच पितात म्हटल्यावर बाकीच्यांना नाक मुरडायला जागा राहिली नाही. हळूहळू हॉटेल चाललं. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. पुढे कोल्हापुरात नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं राहिलं, ते उभारण्यात हेच गंगाराम कांबळे पुढे होते.

अशीच एक बाई अमेरिकेत होऊन गेली. जॉर्जिया गिलमोर तिचं नाव, मॉन्टगोमेरी शहरात स्वयंपाकीण. डिसेंबर १९५५ मध्ये तिथल्या काळ्या लोकांनी शहराच्या बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालवला. लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठी गाड्या लागत, पेट्रोल लागे. जॉर्जियाने बायका जमवल्या. घरी चिकन तळायचं, केक भाजायचे, विकायचे आणि पैसे चळवळीला द्यायचे. पैसे कुठून आले असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुठूनच नाही." खरं नाव सांगितलं तर बायकांची कामं जायची. मंडळाचं नावच तसं पडलं. जॉर्जिया मात्र कोर्टात उघड साक्ष द्यायला उभी राहिली आणि तिची नोकरी गेली. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला सांगितलं, स्वतःचंच काहीतरी सुरू कर. त्यांनी पैशाची मदत केली. तिने घरातच खानावळ उघडली. किंग स्वतः तिथे जेवायचे आणि आपल्या पाहुण्यांनाही तिथेच न्यायचे. तिच्या टेबलाशी काळे-गोरे शेजारी बसून जेवले.

कोल्हापूर कुठे, मॉन्टगोमेरी कुठे. पण दोघांनीही केलं तेच. आधी भांडवल दिलं आणि मग स्वतः गिऱ्हाईक झाले. नुसतं भांडवल देऊन थांबले असते, तर दोन्ही दुकानं बंद पडली असती.

आता मागच्या सीटवरच्या मैत्रिणीकडे येऊ. काही वर्षांपूर्वी तिने आमच्याच गल्लीजवळ डबे सुरू केले होते. बाजरीची भाकरी, येसूर घातलेला रस्सा, ठेचा. सुरुवातीला बाहेरगावची नोकरदार पोरं डबा न्यायची. मग कोणीतरी आडनाव विचारलं. एकेक डबा कमी होत गेला. कोणी म्हणालं तिखट असतं, कोणी म्हणालं उशीर होतो. खरं कारण कोणी तोंडावर सांगितलं नाही. पाच-सहा महिन्यांत तिने काम बंद केलं. गटातून घेतलेलं कर्ज मात्र शिवणकाम करून शेवटच्या रुपयापर्यंत फेडलं. आम्ही बैठकीत तिचं कौतुक केलं, टाळ्या वाजवल्या. पण आमच्यातल्या एकीनेही तिचा डबा लावला नव्हता.

१४ एप्रिलला मस्तगडावर बाबासाहेबांना वंदन करायला आम्ही जातो. २६ जूनला शाहू महाराजांच्या फोटोला हार घालतो. आणि रस्त्यात खानावळ दिसली की विचारतो, कोणाची आहे. कोल्हापूरहून परतताना हे सगळं गाडीत बोललं गेलं. ज्या बाईने तो प्रश्न विचारला होता, तिनेच विषय काढला. मागच्या सीटवरची मैत्रीण एवढंच म्हणाली, "बायांनो, मला कर्ज मागायची लाज नाही वाटली. गिऱ्हाईक कसं मागायचं, ते मला कळलं नाही."

म्हणून आज रेडिओवर आम्हीच मागतो आहोत. तिने पुन्हा भाकरी केंद्र काढायचं ठरवलं आहे. देवाचं किंवा फुलाचं नाव देऊन आडनाव झाकायचं नाही, पाटीवर तिचं पूर्ण नाव लिहायचं, हे तिनेच सांगितलं. गटाने कर्ज मंजूर केलं. पण कर्ज बँकही देते, गिऱ्हाईक काही बँक देत नाही. पहिल्या दिवशी आम्ही तेराही जणी तिथे जेवणार आहोत, घरच्यांना घेऊन, रोख पैसे देऊन. उपकार म्हणून नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर तसं सांगणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणार.

तुम्ही कुठेही ऐकत असाल, तुमच्या गावातही अशी एखादी पाटी असेल. गावाला जाताना, लग्नाला जाताना, सहलीला जाताना गाडी तिथे थांबवा. हॉटेल कोणाचं आहे, हे विचारायचंच असेल तर जरूर विचारा, आणि उत्तर ऐकून आत जा.