एल्म रोवरील दुकान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इटलीच्या डोंगराळ मुलखातील अनेक मेंढपाळ कुटुंबे पोटासाठी स्कॉटलंडला जाऊ लागली. कोणी गाडीवर आइस्क्रीम विकले, कोणी तळलेल्या मासळीची दुकाने घातली. पिचिनिस्कोनजीकच्या फॉन्तितूने या वाडीतून आलेला अल्फॉन्सो क्रोला हा त्यांपैकीच एक. १९३४ साली एडिंबरो शहरात एल्म रो येथे ‘वाल्व्होना आणि क्रोला’ या दोन नावांची पाटी लागली.

ब्रिटनमध्ये ऑलिव्हचे तेल बहुधा औषधाच्या दुकानात मिळण्याचे ते दिवस होते. येथे मात्र ते वाणसामानासारखे विकले जाई. चीज, खारवलेले मांस, पास्ता आणि वाइन यांसाठी इटालियन कुटुंबे येत. हळूहळू स्कॉटिश गिऱ्हाइकेही येऊ लागली.

१० जून १९४० रोजी मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच रात्री एडिंबरोत जमावाने इटालियन दुकानांच्या काचा फोडल्या. दगड मारणारे कोठून दूरवरून आलेले नव्हते. ते त्याच शहराचे रहिवासी होते. सरकारनेही धरपकड आरंभली. वय १६ ते ७० आणि ब्रिटनमधील वास्तव्य २० वर्षांहून कमी, एवढीच सर्वसाधारण कसोटी होती. शिवाय गुप्तचर खात्याची निराळी यादी होती. स्थानिक फॅसिस्ट मंडळाचे सभासदत्व तिच्यात नाव येण्यास पुरे होई. पण परदेशी राहणाऱ्या अनेकांना ते मंडळ म्हणजे आपल्या माणसांत बसण्याउठण्याची जागा होती. धोकादायक कोण आणि केवळ सभासद कोण, हे तपासावयास सवड कोणी घेतली नाही.

कॅनडाकडे कैदी घेऊन निघालेल्या ‘अरान्डोरा स्टार’ या जहाजावर २ जुलै रोजी आयर्लंडच्या पश्चिमेस जर्मन पाणबुडीचा पाणतीर आदळला. ८०० हून अधिक माणसे बुडाली. त्यांत ४०० हून अधिक इटालियन होते. अल्फॉन्सो क्रोला त्यांतच गेला.

वैर धरून कुटुंबाने शहर सोडले असते तर नवल नव्हते. परंतु मुलांनी दुकान सांभाळले. पुढील पिढ्यांनी त्याला पावाच्या भट्टीची व कॅफेची जोड दिली. त्याच घराण्यातील मेरी कॉन्टिनी यांनी २००६ साली ‘डिअर ऑलिव्हिया’ या ग्रंथात ही कहाणी लिहून ठेवली.

यादी करणाऱ्याच्या दप्तरी क्रोला हे शत्रुराष्ट्राच्या एका नागरिकाचे नाव होते. एल्म रोच्या गिऱ्हाइकाला ते रोज माप करून देणाऱ्या माणसाचे नाव होते. पहिली ओळख एका दिवसात कागदावर उतरते, दुसरीला वर्षे लागतात. राज्यकारभार बहुधा पहिलीवर चालतो, आणि आणीबाणीच्या काळी त्याची किंमत दुसरी ओळख असलेल्या माणसांना मोजावी लागते.