अंगाईपासून श्वेत रवापर्यंत : बालनिद्रेसाठी केलेल्या ध्वनियोजनेचा इतिहास

१

तान्ह्या मुलास निजविण्यासाठी ध्वनीचा उपयोग करण्याची रीत फार प्राचीन आहे. तिचा विचार मात्र बहुधा अंगाईगीतांच्या निमित्ताने, म्हणजे लोकवाङ्‌मयाच्या वा संगीताच्या अंगाने केला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रीतीत एक महत्त्वाचा पालट घडून आला. ज्यात शब्द नाहीत, सूर नाहीत आणि तालही नाही असा अखंड घोष यंत्राने निर्माण करावयाचा व तो मुलाच्या खोलीत रात्रभर चालू ठेवावयाचा, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, रूढ झाली. अंगाई आणि हा यांत्रिक घोष यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. तथापि मधल्या काळातील प्रयोग व विचार क्रमाने पाहिले असता ही दोन्ही एकाच प्रवासाची दोन टोके असल्याचे दिसून येते. ध्वनी आपल्या कर्त्यापासून हळूहळू विलग होत गेला, हे त्या प्रवासाचे मुख्य सूत्र होय. या विलगतेने काय साधले आणि कोणता नवा प्रश्न उभा केला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२

उपलब्ध पुराव्यांत बॅबिलोनियातील मृत्तिकालेख सर्वांत जुन्यांपैकी आहेत. रडणाऱ्या मुलास शांत करण्यासाठी म्हणावयाचे मंत्र त्यांत आहेत व त्यांपैकी काही इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील आहेत. वॉल्टर फार्बर या जर्मन पंडिताने १९८९ मध्ये त्यांचे साक्षेपी संपादन प्रसिद्ध केले. या मंत्रांत मुलाविषयीच्या लडिवाळपणाइतकीच घराच्या शांततेची चिंता दिसते. मुलाच्या आक्रोशाने गृहदेवतेची झोपमोड झाली, तेव्हा त्याने आता निजावे, असा त्यांचा आशय आहे. बालनिद्रेचा प्रश्न हा आरंभापासून वडीलधाऱ्यांच्या निद्रेचाही प्रश्न होता, हे यावरून ध्यानात येते.

ग्रीक विचारवंतांनी या लोकरीतीची मीमांसा केली. ‘लॉज’ या ग्रंथाच्या सातव्या भागात प्लेटोने असे निरीक्षण नोंदविले आहे की, मुलास निजविताना माता त्याला निश्चल ठेवीत नाहीत, तर हलवितात. आणि मौन पाळीत नाहीत, तर काहीतरी गुणगुणतात. बाहेरून दिलेली नियमित गती आतील अस्वस्थ गतीवर मात करते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने आरोग्यरक्षणावरील आपल्या ग्रंथात दायांना अनुभवाने ठाऊक असलेले तीन उपाय सांगितले : स्तनपान, मध्यम आंदोलन आणि आवाजाची गोड लय.

भारतीय वैद्यकातही शब्दाचे हे सामर्थ्य मान्य होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निद्रानाशावरील उपायांच्या यादीत अभ्यंग, स्नान यांच्या जोडीला मनास रुचणारे शब्द येतात. तर शारीरस्थानात बालकाची खेळणी नाद करणारी असावीत, पण त्यास भिववणारी नसावीत, असा दंडक आहे. मराठीत ‘पाळणा’ हा शब्द झुलविण्याचे साधन आणि झुलविताना म्हणावयाचे गीत या दोहोंचा वाचक आहे. गती व ध्वनी यांची प्लेटोने घातलेली सांगड भाषेने येथे एका शब्दातच बांधून टाकली आहे.

या सर्व परंपरांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ध्वनी करणारी व्यक्ती मुलाजवळ असे, मुलाकडे पाहत असे आणि मूल झोपले की थांबत असे. फार तर ती स्वतःच पेंगुळून थांबे. ध्वनीचे मान, अंतर आणि कालावधी या तिन्हींचे नियंत्रण अशा रीतीने गाणाऱ्याच्या शरीरातच होते. त्यासाठी वेगळा नियम घालून देण्याची गरज कोणास वाटली नाही.

३

यंत्रयुगातील ध्वनीची पूर्वपीठिका पाळणाघरात नव्हे, तर दूरध्वनी व रेडिओ यांच्या प्रयोगशाळांत तयार झाली. १९१८ मध्ये वॉल्टर शॉट्की याने निर्वात नळ्यांतील विद्युत्प्रवाहात अटळपणे उद्भवणाऱ्या अनियमित चढउतारांचे विवेचन केले. बेल प्रयोगशाळेतील जे. बी. जॉन्सन याने विद्युत्‌रोधकांत केवळ उष्णतेमुळे निर्माण होणाऱ्या अशाच चढउतारांचे मापन केले आणि हॅरी नायक्विस्ट याने त्याची उपपत्ती मांडली. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. संदेशात मिसळणारी ही खरखर अभियंत्यांच्या दृष्टीने उपद्रव होती.

श्वेत प्रकाशात ज्याप्रमाणे सर्व रंग एकवटलेले असतात, त्याप्रमाणे ज्या घोषात सर्व कंप्रतांची शक्ती सारख्या प्रमाणात असते त्यास ‘व्हाइट नॉइज’ अर्थात श्वेत रव हे नाव पडले. याच उपमेवरून पुढे इतर ‘रंगीत’ रव कल्पिले गेले. गुलाबी रवात कंप्रता दुप्पट होताच शक्तीची घनता सुमारे ३ डेसिबेलने घटते, म्हणून प्रत्येक सप्तकाच्या वाट्यास सारखीच शक्ती येते. ‘ब्राउन’ रवात ही घट ६ डेसिबेलची असल्याने तो अधिक खर्जातला व धबधब्यासारखा वाटतो. या शेवटच्या नावाचा तपकिरी रंगाशी संबंध नाही. सूक्ष्म कणांच्या अनियमित हालचालीचे निरीक्षण १८२७ मध्ये करणाऱ्या रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते आले आहे. बाजारात श्वेत रव म्हणून विकला जाणारा ध्वनी पुष्कळदा या काटेकोर अर्थाने श्वेत नसतो, हेही लक्षात ठेवावयास हवे.

असा रव निद्रेस साहाय्यक ठरतो त्याचे एक कारण ‘आच्छादन’ हे होय. एक ध्वनी चालू असता त्याच्या जवळपासच्या कंप्रतांचे दुर्बल ध्वनी कानास जाणवेनासे होतात. हार्वे फ्लेचर याने १९४० मध्ये या क्रियेचे महत्त्वाचे विवेचन केले. सर्व कंप्रता सामावणारा घोष दाराचा आवाज, बोलणे, रस्त्यावरील वाहने या सर्वांस थोड्याबहुत प्रमाणात झाकतो. झोपलेल्यास जाग येते ती बहुधा आवाजाच्या आकस्मिक बदलामुळे. आणि हा बदलच रवामुळे बोथट होतो. रडणाऱ्या मुलाच्या कानाशी माता जो ‘श्श’ असा आवाज करतात, तोही भौतिक दृष्ट्या कंठनादावाचून केवळ श्वासाच्या घर्षणाने उत्पन्न होणारा विस्तृत कंप्रतांचा रवच आहे. प्रयोगशाळेने नाव दिले त्यापूर्वीच घराने त्याचा उपयोग केलेला होता.

४

कर्त्यापासून ध्वनी वेगळा काढण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयोग मातेच्याच शरीरापासून सुरू झाला. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ ली सॉल्क यास सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातील एक माकडीण आपले पिलू बहुधा डाव्या कुशीत धरते असे आढळले. त्याने मानवी मातांचे निरीक्षण केले, तेव्हा उजव्या हाताने काम करणाऱ्या २५५ मातांपैकी ८३ टक्के, तर डावखुऱ्या ३२ मातांपैकी ७८ टक्के माता मुलास डावीकडे धरीत असल्याचे दिसून आले. हृदयाच्या ठोक्याशी याचा संबंध असावा, असे त्याने अनुमान केले. पुढे एका रुग्णालयातील नवजात-कक्षात दर मिनिटास ७२ या गतीने हृदयस्पंदनाचा मुद्रित ध्वनी ८५ डेसिबेल तीव्रतेने अहोरात्र ऐकविण्यात आला. १९६० मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, हा ध्वनी ऐकणारी मुले कमी रडली आणि त्यांच्यापैकी अधिक मुलांचे वजन वाढले. मातेच्या उदरात ऐकलेल्या ठोक्यांची खूण मुलाच्या मनावर उमटलेली असते, असे त्याचे प्रतिपादन होते.

या प्रतिपादनास लवकरच आव्हान मिळाले. यव्हॉन ब्रॅकबिल व तिच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये हृदयस्पंदन, लयमापक यंत्राची टिकटिक आणि अंगाईगीत यांची तुलना केली. निःशब्दतेपेक्षा हे तिन्ही ध्वनी मुलास अधिक शांत करतात, परंतु त्यांच्या प्रभावात परस्परांत विशेष फरक नाही, असे त्यांना आढळले. ध्वनीचा अर्थ किंवा त्याचे उगमस्थान नव्हे, तर त्याचे सातत्य परिणामकारक असते, असा याचा इत्यर्थ होतो. प्रस्तुत इतिहासात या निष्कर्षाचे स्थान मोठे आहे. मातेच्या हृदयाची जागा टिकटिक घेऊ शकत असेल, तर कोणताही अखंड ध्वनी ती घेऊ शकतो, ही वाट येथे मोकळी झाली.

तरीही मातृशरीराच्या ध्वनीचे आकर्षण ओसरले नाही. जपानमधील प्रसूतितज्ज्ञ हाजिमे मुरोओका याने गर्भाशयातील रक्तप्रवाहाचा घोष मुद्रित केला आणि १९७० नंतरच्या दशकात त्याची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतही विकली गेली. गर्भास ऐकू येणाऱ्या ध्वनीची तीव्रता फार मोठी असते, असा समज त्या काळी प्रचलित होता. नंतर जलध्वनिग्राहकाने केलेल्या मापनांत ती पूर्वीच्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी भरली. परंतु ‘गर्भात मोठा आवाज असतो, म्हणून पाळण्याजवळ मोठा आवाज निर्धोक’ हा युक्तिवाद लोकमानसात दीर्घकाळ टिकून राहिला.

५

याच सुमारास एक साधे घरगुती यंत्र बाजारात आले. जेम्स बकवॉल्टर याने १९६२ मध्ये ‘स्लीप-मेट’ नावाचे उपकरण तयार केले. मोटेलमधील वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत झोप चांगली लागते, हा प्रवासातील अनुभव त्याच्या मुळाशी होता असे सांगितले जाते. छिद्रे असलेल्या आवरणात फिरणारा लहानसा पंखा, एवढीच त्याची रचना होती. आवरण फिरवून ध्वनीचा पोत बदलता येई. हे यंत्र प्रौढांसाठी होते. मुलांच्या खोलीत त्याचा व त्याच्यासारख्या इतर यंत्रांचा शिरकाव पुढे झाला. १९६९ पासून अर्व्हिंग टायबेल याने समुद्राच्या लाटांसारख्या ध्वनींच्या मुद्रिकांची मालिका काढली आणि कशाकडेही लक्ष वेधून न घेणारा ध्वनी विकत घेण्याची सवय श्रोत्यांस लागली.

वैद्यकीय क्षेत्रात ज्याचा वारंवार हवाला दिला जातो तो प्रयोग १९९० मध्ये ब्रिटनमधील स्पेन्सर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दोन ते सात दिवस वयाच्या ४० नवजात बालकांचे २०–२० चे दोन गट करण्यात आले. श्वेत रव ऐकविलेल्या गटातील १६ बालके पाच मिनिटांच्या आत झोपली; दुसऱ्या गटातील केवळ ५ बालके तेवढ्या वेळात झोपली. प्रयोग लहान होता व त्याचा संबंध झोप लागण्याच्या क्षणाशी होता. रात्रभर, महिनोन्‌महिने चालणाऱ्या घोषाविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तथापि २००२ मध्ये हार्वे कार्प या बालरोगतज्ज्ञाच्या लोकप्रिय ग्रंथाने ‘श्श’ हा आवाज मुलास शांत करण्याच्या पाच उपायांत गणला, आणि रवयंत्र हा अनेक पाश्चात्त्य घरांत बाळंतपणाच्या तयारीचा भाग होऊन बसला.

६

मापन मागाहून आले. टोरोंटो येथील बालरुग्णालयाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालकांसाठी विकल्या जाणाऱ्या १४ निद्रायंत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. ३०, १०० व २०० सेंटिमीटर अंतरावर, यंत्र कमाल आवाजावर ठेवून मापने घेण्यात आली. रुग्णालयांतील नवजात-कक्षांसाठी शिफारस केलेली मर्यादा ५० डेसिबेल आहे. ३० व १०० सेंटिमीटरवर सर्वच यंत्रांनी ती ओलांडली. २०० सेंटिमीटरवरही एक वगळता सर्वांनी ओलांडली. तीन यंत्रांचा ध्वनी ३० सेंटिमीटरवर ८५ डेसिबेलहून अधिक होता. आठ तासांच्या कामासाठी कारखान्यातील प्रौढ कामगारास लावली जाणारी मर्यादा हीच आहे. मापनपद्धतींतील भेद जमेस धरूनही, सॉल्कच्या नवजात-कक्षात १९६० च्या आसपास उपाय म्हणून योजलेला आकडा २०१४ मध्ये धोक्याची खूण ठरला, हे लक्षणीय आहे.

सौम्य पण अखंड रवाविषयीही एक प्रश्न उभा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधनसंस्थेत एडवर्ड चँग व मायकेल मर्झेनिक यांनी उंदरांची पिले सतत रवात वाढविली. मेंदूच्या श्रवणविषयक भागाचा विकास त्यामुळे लांबणीवर पडला आणि रव थांबविल्यावर तो पुन्हा सुरू झाला, असे त्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. उंदराच्या पिलांवरून मानवी बालकाविषयी थेट निर्णय करता येत नाही. शिवाय ही पिले दिवसरात्र रवातच होती. परंतु आच्छादनाचा जो गुण झोपेस उपकारक, तोच भाषा व भोवतालचे ध्वनी शिकणाऱ्या कानास अडथळा होऊ शकतो, ही शंका या प्रयोगाने सकारण ठरविली.

टोरोंटोच्या संशोधकांनी सुचविलेले नियम साधे आहेत : यंत्र शक्य तितके दूर, म्हणजे २०० सेंटिमीटरहून अधिक अंतरावर असावे, पाळण्यात किंवा त्याच्या कठड्यावर कधीही नसावे; आवाज मंद असावा; आणि ते थोडा वेळच चालवावे.

७

अंतर, मान आणि कालावधी या तीन नियमांत नवे असे काही नाही. गाणाऱ्या मातेच्या ठायी ते आपोआप पाळले जात होते. तिचा आवाज मर्यादित होता, श्वास मर्यादित होता आणि मूल निजल्यावर गाण्याचे कारण संपत होते. यंत्राने तिचे श्रम वाचविले. आणि थकलेल्या पालकाच्या दृष्टीने, विशेषतः जेथे घरात दुसरे हात नाहीत तेथे, हा लाभ क्षुल्लक म्हणता येणार नाही. पण श्रमाबरोबर थांबण्याचे भानही ध्वनीपासून वेगळे झाले. जे पूर्वी शरीरात वसत होते ते आता नियम म्हणून लिहून द्यावे लागते आणि कोणीतरी स्मरणपूर्वक पाळावे लागते.

म्हणून रव बरा की अंगाई बरी, हा प्रश्न या इतिहासाच्या दृष्टीने गौण आहे. ब्रॅकबिलच्या प्रयोगाने बालकाच्या शांततेपुरती दोघांना एका पंक्तीस बसविले. भेद राहतो तो एवढाच, की एका ध्वनीस मूल झोपल्याचे कळते आणि दुसऱ्यास कळत नाही. ज्या घरात यंत्र वापरले जाते तेथे ते कळून घेण्याचे काम पूर्वीप्रमाणेच माणसाकडे राहिले आहे.