गंगापूरच्या आजीची कलमे

नाशिकहून गोदावरीच्या काठाने पश्चिमेला निघाले की आनंदवल्ली लागते आणि पुढे गंगापूर. आनंदवल्ली राघोबादादांची. गंगापूर मात्र त्यांच्या भावजयीचे, गोपिकाबाईंचे. वाईच्या रास्त्यांची ही लेक, नानासाहेब पेशव्यांची पत्नी. 1761 मध्ये पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव गेला आणि काही महिन्यांत नवराही. पुढे कारभारावरून पेशवा झालेल्या मुलाशी, माधवरावाशी, पटेना, तेव्हा त्या इथे येऊन राहिल्या. कामे लिहून काढण्याची मराठी रीत कशी होती, हे त्यांच्या घरातल्या दोन कागदांवरून फार चांगले कळते.

त्या काळी असा कागद म्हणजे याद. हातकागदाच्या लांबट बंदावर बोरूने मोडीत लिहिलेली. एक बाब, एक कलम. सरदाराने किंवा रयतेने मागण्या मांडल्या, की अनेकदा त्या-त्या कलमापाशीच सोडलेल्या जागेत सरकारचा करार, म्हणजे निर्णय, उतरे. कुठले काम मार्गी लागले आणि कुठले अडले, हे एका नजरेत दिसे. या रीतीची खरी ताकद उत्तरासाठी सोडलेल्या त्या जागेत होती.

पहिला कागद माधवरावांचा. 1772 मध्ये थेऊरला क्षयाने खंगलेल्या या सत्तावीस वर्षांच्या पेशव्याने मृत्यूच्या काही आठवडे आधी नऊ कलमे लिहवून घेतली. डोक्यावरचे कर्ज फेडावे. काशी-प्रयाग सोडवावे, ही वडिलांपासूनची इच्छा. मातुश्रींच्या मनात काशीयात्रा आहे, ती घडवावी. राज्याच्या मोठ्या मनसुब्याशेजारी गंगापूरला रुसून बसलेल्या आईची यात्रा! हे कलम वाचताना गलबलून येते. 18 नोव्हेंबरला माधवराव गेले. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात त्यांचे धाकटे भाऊ आणि नंतरचे पेशवे नारायणराव यांचा खून झाला आणि ज्यांनी कलमे पार पाडायची ते कारभारी घरच्याच भांडणात गुंतले. 1775 मध्ये काशी ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेली.

दुसरा कागद गोपिकाबाईंचा. तिन्ही मुलगे गमावलेल्या या बाईने नातवाला, नारायणरावांच्या बालवयातल्या मुलाला, सवाई माधवरावाला, वागणुकीची कलमे लिहून पाठवली. त्यांत दौलतीचे मनसुबे नाहीत, पोराचा दिवस आहे: लवकर उठणे, स्नानसंध्या, लिहिणे-वाचणे, कसरत, वडीलधाऱ्यांचा मान आणि कारभारी नाना फडणविसांच्या सल्ल्याने चालणे. मुलाच्या हातून होईल तेवढेच मागायचे, हे त्या आजीला नेमके कळले होते. काशी-प्रयागसाठी फौजा लागतात. पहाटे उठायला ज्याचे त्याला उठता येते.

तरीही एक उणीव राहिली, आणि ती मोठी होती. या मुलाचा दिवस कायम दुसऱ्यांनीच आखला. आधी आजीची कलमे, मग नानांची करडी नजर. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशीच पेशवेपदाची वस्त्रे मिळालेल्या या पोराला स्वतःचे कलम लिहायला फारशी जागा उरली नाही. ऑक्टोबर 1795 मध्ये शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून तो खाली कोसळला आणि त्यातच दगावला. वय अवघे एकवीस.

पेशवाईतले असे असंख्य कागद आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतून निवडलेले कागद गो. स. सरदेसाई यांनी 1930 नंतर 45 खंडांत छापले.