कोशिका सिद्धांत
वनस्पती व प्राणी यांची शरीरे कोशिकांची (पेशींची) बनलेली असतात आणि प्रत्येक कोशिका आधीच्या कोशिकेपासूनच उत्पन्न होते, या प्रतिपादनास कोशिका सिद्धांत म्हणतात. त्याचा पहिला भाग १८३९ मध्ये मांडला गेला. दुसरा प्रस्थापित होण्यास आणखी सुमारे दोन दशके लागली.

रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे आढळले. त्यांचे वर्णन १६६५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका घन इंचात असे सुमारे १२६ कोटी कप्पे असावेत, असा हिशेबही त्यांनी दिला. तथापि बुचातील कोशिका मृत असतात. दिसल्या त्या केवळ भित्ती. पुढे दीर्घकाळ भित्ती हीच कोशिकेची मुख्य खूण मानली गेली. प्राणिकोशिकेस भित्ती नसते, फक्त नाजूक पटल असते. त्यामुळे तिच्या सीमा ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) सहज दिसत नाहीत. दोहोंतील साम्य उशिरा ध्यानात आले, याचे हे एक प्रमुख कारण होय.

हे साम्य पटले ते केंद्रकामुळे. रॉबर्ट ब्राउन (१७७३–१८५८) यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या कोशिकांतील केंद्रकाकडे लक्ष वेधले. १८३७ मध्ये बर्लिन येथे भोजनप्रसंगी माटीआस श्लायडेन (१८०४–८१) यांनी वनस्पतींतील केंद्रकाचे महत्त्व सांगितले, तेव्हा टेओडोर श्व्हान (१८१०–८२) यांना प्राण्यांच्या पृष्ठरज्जूत आपण तशीच रचना पाहिल्याचे स्मरले. पृष्ठरज्जू व कूर्चा यांतील कोशिका वनस्पतींच्या कोशिकांप्रमाणे ठळक असतात, हे त्यांचे सुदैव. त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोशिकांच्या उत्पत्तीविषयी मात्र दोघेही चुकले. मिठाचे स्फटिक द्रावणातून बनावेत तशा कोशिका निराकार द्रवातून बनतात, असे श्व्हान मानीत. रोबेर्ट रेमाक (१८१५–६५) यांनी कोंबडीच्या भ्रूणातील रक्तकोशिकांचे विभाजन पाहिले व विभाजन हाच कोशिकोत्पत्तीचा मार्ग असल्याचे १८५२ मध्ये प्रतिपादिले. रेमाक ज्यू असल्याने प्रशियातील विद्यापीठात त्यांना पूर्ण प्राध्यापकपद कधीच लाभले नाही. १८५५ मध्ये रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी हेच मत लॅटिन सूत्ररूपाने मांडले आणि त्याचे श्रेय बव्हंशी त्यांनाच मिळत राहिले. रोगाचे मूळ कोशिकेत शोधावे, हा फिरखो यांचा विचार निःसंशय मोलाचा आहे. पण कोशिकाविभाजनाचा शोध त्यांचा नव्हे.

माक्स शूल्ट्‌झे (१८२५–७४) यांनी १८६१ मध्ये केंद्रकयुक्त जीवद्रव्याचा गोळा अशी कोशिकेची व्याख्या केली. भित्ती, हरितकणू व मोठी रिक्तिका ही वनस्पतिकोशिकेची वैशिष्ट्ये होत. रिक्तिकेतील रसाचा दाब भित्ती पेलते, म्हणून कोवळा देठ ताठ उभा राहतो. पटलमात्र असलेली रक्तातील पांढरी कोशिका आकार बदलून जंतूस वेढू शकते. भित्तीने बद्ध असलेल्या कोशिकेस ते शक्य नसते.